विश्लेषण : अल्फा, बीटा, ओमेगा... सहा लिंगांचा काल्पनिक समाज कसा रचला जातो?

पुरुषाला दिवस गेले आहेत आणि घरात कोणालाच त्याचे नवल नाही. मात्र तो नोकरी करतो म्हटल्यावर भुवया उंचावतात. ‘ओमेगाव्हर्स’ या कथाप्रकारात असे प्रसंग नेहमीचेच. अशा समाजातले कोणते नियम शरीराने घातलेले आणि कोणते माणसांनी, हे ठरवणे लेखकासाठी सर्वांत अवघड असते.

ओमेगाव्हर्स म्हणजे काय?

२०१० च्या सुमारास ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांतून हा प्रकार पुढे आला. नंतर जपानी मांगांमध्येही तो रुजला. यात स्त्री-पुरुष भेदावर अल्फा, बीटा, ओमेगा हा दुसरा भेद चढवलेला असतो. दोन गुणिले तीन, म्हणजे सहा लिंगे. जोडप्यांचे प्रकार मोजले तर २१! बीटा साधारण आपल्यासारखे. ओमेगाला, तो पुरुष असला तरी, मूल होऊ शकते आणि ठरावीक काळाने ‘हीट’ येते, म्हणजे जनावरांच्या माजासारखी अवस्था. बाकी तपशील ज्याचे त्याने ठरवायचे.

ही उतरंड आली कुठून?

लांडग्यांवरून. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ शब्द लोकप्रिय केला. पुढे जंगलातले कळप पाहिल्यावर मेक यांनाच तो पटेना. तिथला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले एवढाच असतो. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी तसे मांडले. थोडक्यात, अनोळखी प्राणी एका कुंपणात कोंडल्यावर जे घडले, त्याला निसर्गनियम समजले गेले.

मग लेखकाने काय ठरवायचे?

नेमके ते कुंपण. तीन महिन्यांनी चार दिवस हीट येणे, हे शरीर. ओमेगाच्या नावावर जमीन न होणे, हा समाजाचा निर्णय; त्यात कोणाचा तरी फायदा असणार आणि तो कथेत दिसायला हवा. ‘ओमेगा मुळातच दुबळे’ एवढ्यावर भागवणाऱ्या कथा म्हणूनच पोकळ वाटतात.

हीट थांबवणारी गोळी या कथांत वारंवार येते. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, की त्यासाठी अल्फा जोडीदाराची सही लागते? गोळी घेऊनही नोकरी नाकारली गेली, तर अडचण शरीराची उरतच नाही. रजेचेही तसेच. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. कायद्यातला शब्द ‘स्त्री’. ओमेगांच्या देशात तिथे कोणता शब्द येईल? आणि बाप होऊ शकणाऱ्या अल्फा स्त्रीला कोणती रजा?

मराठीत लिहायचे झाले तर?

भाषा आडवी येते. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीतल्या माणसांना एरवी लिंगच नसते, कोणीही आई होऊ शकते. तरी त्यांनी सर्वांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. टीका झाली, पुढे त्यांनी स्वतःही या निर्णयाचा फेरविचार केला. मराठीत तर क्रियापदही लिंग सांगते. ‘तो बाळंत झाला’ हे वाक्य निदान व्याकरणात बसते. ‘बाळंतीण’ला मात्र पुल्लिंगी जोडीदार नाही.

‘माहेर’ हा शब्द आणखी गमतीचा, कारण त्याचा गर्भाशयाशी संबंध नाही; लग्नानंतर घर कोण सोडते, एवढ्यावर तो उभा आहे. त्यामुळे पुरुष ओमेगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार का, सातव्या महिन्यात त्याची ओटी कोण भरणार, आणि अल्फा सासू त्या पंगतीत बसणार की बाहेर पाहुण्यांचे बघणार, हे पहिले प्रकरण लिहिण्याआधीच ठरवून ठेवावे लागेल.