खबर आणि खबरदारी

आपल्या गोंदिया जिल्ह्यात वाघाने कुणावर हल्ला केला, की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. तळे आटले, की फोटो येतो. पण तळे का आटले, मोहफुले वेचण्याच्या दिवसांत माणूस आणि वाघ समोरासमोर का येतात, हे क्वचितच छापून येते. यात तालुक्याच्या बातमीदाराला काय दोष द्यावा? सकाळी बाजार समिती, दुपारी पोलीस ठाणे, संध्याकाळी सत्कार समारंभ. विज्ञानाची, पर्यावरणाची बातमी कशी शोधायची, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

सारसाचेच घ्या. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, तोही चाळिशीच्या आत. मी कवी माणूस. सारसाची जोडी दिसली की मला ओळ सुचते. बातमीदाराला मात्र प्रश्न सुचला पाहिजे. गणना सगळीकडे एकाच वेळी झाली का? नाहीतर तोच पक्षी दोनदा मोजला जातो. वैनगंगा आणि बाघ नद्यांपलीकडच्या बालाघाटचे पक्षी या आकड्यात धरले का? मेलेला सारस विजेच्या तारेने गेला की धानावरच्या फवारणीने, हे तपासले का? असे प्रश्न विचारता येणे, हेच प्रशिक्षण.

अशा बातमीने काय होते? 2021 मध्ये सारसांच्या घटत्या संख्येच्या बातमीची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पुढे सारस संवर्धन समिती नेमली गेली.

मग हे शिकायचे कुठे? पदवीधरांसाठी अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र 2011 पासून आहे; तिथे 2017 मध्ये मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही सुरू झाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटची स्थापना 1980 ची. राजस्थानात अलवरजवळ निमली येथे तिची प्रशिक्षण संस्था आहे आणि देशभरच्या पत्रकारांना ती तिथे बोलावत आली आहे. 2004 मध्ये सुरू झालेले अर्थ जर्नालिझम नेटवर्क पत्रकारांना प्रशिक्षण आणि बातमीच्या खर्चासाठी अनुदान देत आले आहे. पण यातले बरेचसे इंग्रजीत चालते. तिथेच आपला आमगाव-सालेकसाचा मुलगा अडतो. त्यात विज्ञान प्रसार ही अनेक भारतीय भाषांत काम करणारी सरकारी संस्था 2023 मध्ये बंद झाली.

मराठीतला आधार म्हणजे 1966 मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद. अवघड गोष्ट सोप्या मराठीत कशी सांगावी, हे तिच्या पत्रिकेतून शिकता येते. शिवाय नागपूरला 'नीरी' ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्यातल्या पत्रकार संघांनी मनावर घेतले, तर वर्षातून दोन दिवस तिथला एखादा शास्त्रज्ञ, एक वनाधिकारी आणि तलावाचे पाणी वाटण्यात हयात घालवलेला एखादा म्हातारा शेतकरी यांना एकत्र बसवता येईल. पहिला दिवस सभागृहात, दुसरा नवेगावबांधच्या पाळीवर. त्याला फार पैसा लागत नाही.

'खबर' हा शब्द अरबीतून फारसीत आला आणि फारसीतून मराठीत. त्याला 'दारी' जोडली की खबरदारी होते. खबर आपल्याकडे रोज छापली जाते. खबरदारी कशी घ्यायची, ते मात्र शिकावे लागते. आणि तळी, धान आणि सारस असेपर्यंतच ते शिकण्यात अर्थ आहे.