वायर न ओढता घरात टीव्ही आणि इंटरनेट: ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

भाड्याचा वन बीएचके, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि घरमालकाची पहिली अट: भिंतीला भोक पाडायचं नाही. घर स्वतःचं असलं तर नुकतंच इंटिरियर केलेलं असतं. किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट तोंडावर आलेलं असतं, मग नव्या वायरिंगवर खर्च कशाला करायचा? अशा वेळी 'वायरची कटकट नाही' ही जाहिरात बरोबर नजरेत भरते.

ही सेवा खरी आहे आणि अनेक घरांत उत्तम चालते. पण ती प्रत्येक घरात सारखी चालत नाही. त्यात सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले असतील, तर नंतर हळहळण्याशिवाय हातात काही उरत नाही. म्हणून आधी ती चालते कशी ते समजून घेऊ.

हवेतून येणारं इंटरनेट म्हणजे काय?

एअरटेलनं ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत एअरफायबर सुरू केलं. जिओनं १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत आपली सेवा आणली. दोन्हीमागचं तत्त्व एकच. मोबाईलच्या टॉवरवरून येणारा ५जी सिग्नल एक यंत्र पकडतं आणि घरात त्याचं वायफाय करून देतं.

हे यंत्र दोन प्रकारचं असतं. एक घरातच खिडकीजवळ ठेवायचं, प्लग लावला की चालू. दुसरं गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलवर बसवायचं. या दुसऱ्या प्रकारात बाहेरच्या यंत्रापासून आतल्या राउटरपर्यंत एक वायर येतेच. म्हणजे रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंतची वायर वाचते, शेवटचे काही मीटर वाचत नाहीत. ती वायर खिडकीच्या फटीतून आत येईल का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावं.

खरा अडथळा आहे भिंत

५जीचा बराचसा वेग ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर मिळतो. या लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, पण सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीतून जाताना दमतात. काचेवर धातूचा पातळ थर असेल तर काचही सिग्नल अडवते.

जुन्या डोंबिवलीत किंवा कल्याणच्या गल्ल्यांत खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिथे पहिल्या मजल्यापेक्षा गच्चीवर सिग्नल चांगला मिळण्याची शक्यता जास्त. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या उंच टॉवरांत गणित उलटं होऊ शकतं. मोबाईल टॉवरचे अँटेना सहसा थोडे खाली झुकवलेले असतात, म्हणून पंचविसाव्या मजल्यावर सिग्नल कमी किंवा अस्थिर असू शकतो. खिडकी येऊरच्या डोंगराकडे असेल, तर त्या बाजूला टॉवरच नसेल.

पैसे भरण्याआधीची चाचणी

जी कंपनी घ्यायची आहे, तिचंच सिम असलेला ५जी फोन घ्या. घरातला असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्याकडून मागा. जिथे यंत्र बसेल त्या खिडकीत उभं राहून स्पीड टेस्ट करा. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊ वाजता. टॉवर सगळ्यांचा सामायिक असतो आणि रात्री अख्खी सोसायटी मोबाईलवर असते. दुपारी दोनशे आणि रात्री पंधरा एमबीपीएस येत असेल, तर तुमच्यासाठी खरा आकडा पंधरा. घरून काम असेल तर अपलोडचा वेगही पाहा, व्हिडिओ कॉल त्यावर अवलंबून असतो.

गच्चीवर यंत्र बसणार असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्या, तीही लेखी. गच्ची सामायिक असते आणि तंत्रज्ञ दारात आल्यावर सेक्रेटरींना शोधण्यात अर्थ नाही.

पैशांचं गणित

जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. जिओची सुरुवातीची ५९९ रुपयांची योजना हातात पडेपर्यंत ७०७ रुपयांची होत होती. तेव्हा इन्स्टॉलेशनचे १००० रुपये वेगळे होते, वर्षाची योजना घेतली तर माफ होत. म्हणजे भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं एक प्रश्न विचारायलाच हवा: घर बदललं तर ही जोडणी नव्या पत्त्यावर नेता येईल का, आणि तिथे सिग्नल नसेल तर उरलेले पैसे परत मिळतील का?

डेटाची मर्यादाही पाहा. मर्यादा महिन्याला १००० जीबी असेल, तर एचडी व्हिडिओला तासाला साधारण सव्वादोन जीबी धरून रोज चार तासांचे महिन्याला २७० जीबी होतात. पण फोर-केमध्ये रोज पाच तास पाहिलं, तर १००० जीबी महिन्याअखेर संपतात.

टीव्हीचं काय?

इंटरनेटवरून टीव्ही घेतला की एक गोष्ट पक्की होते, नेट बंद तर टीव्हीही बंद. शिवाय थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. विकेट पडल्याची आरोळी शेजारच्या घरातून आधी ऐकू येते.

घरात आजी-आजोबांना फक्त चॅनेल बदलायचे असतील, तर छत्री म्हणजे डिश हा पर्याय अजून जिवंत आहे. डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही आणि त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते. मात्र सगळ्या खासगी मराठी वाहिन्या तिथे मिळतीलच असं नाही. इथल्या डिशचं तोंड दक्षिण ते पूर्व या पट्ट्यात लागतं. घराला फक्त पश्चिमेच्या किंवा उत्तरेच्या खिडक्या असतील, तर गच्चीशिवाय इलाज नाही. धुवाधार पावसात डिशचं चित्र अडकतं, कारण तिच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीला पावसाचा त्रास फारच कमी.

जुन्या पाइपलाही विसरू नका

बऱ्याच फ्लॅटमध्ये बिल्डरनं केबल किंवा टेलिफोनसाठी भिंतीत पाइप टाकलेला असतो. ठाण्यात त्यातून एमटीएनएलची लाइन आलेली असते, कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएलची. घरमालकाला विचारून ती जुनी, बंद पडलेली वायर ओढताना तिच्याच टोकाला फायबर बांधली, तर नवी वायर आत येते आणि भिंत शाबूत राहते. पाइप कुठे दबला नसेल तर हे काम स्थानिक केबलवाला करून देऊ शकतो. रात्रीचा वेग पडत असेल, तर एअरफायबरपेक्षा हा मार्ग भरवशाचा.

आणि वीज? वायर असो वा नसो, लाइट गेली की राउटर बंद. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर महावितरणच्या दुरुस्तीच्या दिवशीही मीटिंग निभावून नेता येते. मात्र गच्चीवरच्या यंत्रालाही त्यावरूनच वीज मिळते ना, ते तपासा.

थोडक्यात, जाहिरात शहराला उद्देशून असते, सिग्नल मात्र तुमच्या खिडकीपुरता असतो. रात्री नऊची चाचणी पास झाली तरी आधी महिन्याभराची योजना घ्या, वर्षाचे पैसे त्यानंतर.