पोलादनगरी होता होता राहिलेलं नागपूर

सक्करदऱ्याच्या चौकात कोणालाही विचारा, टाटांचं पोलाद म्हटलं की जमशेदपूरच सांगेल. पण या गोष्टीची सुरुवात आपल्याकडची! 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेदजींची पहिली नजर होती चांद्याजवळच्या लोहाऱ्याच्या लोखंडावर. वरोऱ्याचा कोळसा मात्र भट्टीला चालेना.

पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपुरात एका साहेबाच्या भेटीसाठी ताटकळत होते. वेळ काढायला सचिवालयासमोरच्या संग्रहालयात शिरले, तर भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यावर गडद ठिपके: लोखंड! साहेबानं ताटकळत ठेवलं ते बरंच झालं म्हणायचं. डल्ली-राजहराचे डोंगर असे नजरेत आले. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला, 1912 मध्ये तिथं पोलाद निघालं. डल्ली-राजहराचं खनिज नंतर भिलाईच्या कामी आलं.