केशपतन, पीआरपी आणि आपले कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या चिकित्सालयांत केशपतनाची तक्रार घेऊन येणारा तरुण रुग्ण सांप्रत एक प्रश्न हमखास विचारतो : "डॉक्टरसाहेब, नागपूरला आपलेच रक्त काढून डोक्यात इंजेक्शन देतात म्हणे, ते करून घ्यावे का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तराची जबाबदारी मोठी आहे. विवाहाच्या वयातील मुलगा वा मुलगी, चिंतेत पडलेले आईवडील आणि कापसाच्या हंगामावर बेतलेले घरचे उत्पन्न अशा परिस्थितीत एका सत्रास काही हजार रुपये मोजायचे किंवा नाहीत, हे आपल्या एका वाक्यावर ठरते. म्हणून या उपचाराचे स्वरूप, त्यामागील आधार आणि त्याच्या मर्यादा यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

उपचाराचे स्वरूप

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, अर्थात बिंबिकासमृद्ध रक्तद्रव. रुग्णाच्या शिरेतून साधारणतः १० ते २० मिलिलिटर रक्त घेऊन, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटयुक्त द्रव मिसळतात व सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवितात. जड लाल पेशी तळाशी बसतात आणि वरचा पिवळसर द्रव वेगळा होतो. बहुधा तो पुन्हा एकदा फिरवून त्यातील बिंबिका अधिक दाट केल्या जातात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. या द्रवात त्या तीन ते पाच पट व्हाव्यात, अशी अपेक्षा असते. बिंबिकांच्या कणिकांत साठलेले वृद्धिकारक घटक केशमूलांभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांची वाढ करतात व केसाचा वाढीचा काळ लांबवितात, असा यामागील सिद्धान्त आहे. प्रथम महिन्याच्या अंतराने तीन सत्रे आणि पुढे काही महिन्यांनी एकेक सत्र, असा क्रम सामान्यतः आढळतो.

या द्रवाचा बोलबाला प्रथम दंतशल्यात झाला. १९९८ साली अमेरिकेत जबड्याच्या अस्थिरोपणात त्याचा उपयोग प्रसिद्ध झाला, तर २००६ साली ब्राझीलमध्ये केशरोपणाची कलमे त्यात भिजवून लावल्याचा अनुभव मांडला गेला. तेथून तो टकलाच्या उपचारात आला.

पुरावा काय सांगतो?

आपल्या राज्यातील एक अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. पुण्याच्या काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ साली ११ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड सहा महिने घेऊनही गुण न आलेले हे रुग्ण होते. दर दोन आठवड्यांनी चार वेळा पीआरपी दिल्यावर केशमूल-एककांची सरासरी संख्या ७१ वरून ९३ झाली आणि ९ जणांत केस ओढून पाहण्याची चाचणी नकारार्थी आली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु रुग्ण केवळ ११ होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१५ साली इटलीत डोक्याच्या अर्ध्या भागावर पीआरपी व अर्ध्यावर निष्क्रिय द्रव देऊन केलेल्या अभ्यासात पीआरपीच्या बाजूस लाभ दिसला. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २६ स्त्रियांवरील अभ्यासात खऱ्या व खोट्या इंजेक्शनांत लक्षणीय फरक आढळला नाही.

सारांश असा की, आनुवंशिक टकलाच्या आरंभी, केस बारीक झाले आहेत पण मुळे जिवंत आहेत अशा अवस्थेत, काही रुग्णांना मध्यम स्वरूपाचा लाभ होतो. तो टिकविण्यासाठी सत्रे चालू ठेवावी लागतात. टाळू गुळगुळीत व चकचकीत झाली असल्यास, किंवा व्रणवस्तूने केशमूले नष्ट झाली असल्यास या उपचाराचा उपयोग नाही. रक्त किती घ्यावे, किती वेगाने फिरवावे, किती वेळा द्यावे याचे सर्वमान्य प्रमाण अद्याप ठरलेले नाही. त्यामुळे एका ठिकाणची पीआरपी दुसऱ्या ठिकाणच्या पीआरपीसारखी असेलच असे नाही.

संहितांतील विचार

आपल्यातील काही उत्साही मंडळी "सुश्रुतांनी हे आधीच सांगितले आहे" असे रुग्णांना सांगतात. हे योग्य नव्हे. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात वर्णिलेली संप्राप्ती अशी : वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते, त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप रोधून टाकतो आणि नवे केस उगवत नाहीत. चिकित्सास्थानात शिरावेध, प्रच्छान व लेप यांचे विधान आहे. तेथे दुष्ट रक्त बाहेर काढणे हा हेतू आहे. पीआरपीत रक्ताचाच अंश परत आत दिला जातो. दोन्हींचा विचार भिन्न आहे. एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्याने संहितेचा गौरव होत नाही.

साम्य आहे ते दुसरीकडे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१३ साली १०० पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटास केवळ मिनॉक्सिडिल, तर दुसऱ्यास त्याच्या जोडीला दर आठवड्यास सूक्ष्म सुयांच्या रोलरने टोचणी देण्यात आली. बारा आठवड्यांनी केसांच्या संख्येतील सरासरी वाढ पहिल्या गटात २२ व दुसऱ्या गटात ९१ आढळली. टाळूला सूक्ष्म क्षत केल्याने केशमूल उत्तेजित होते, हे त्यातून सूचित होते. प्रच्छानाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे मोकळे क्षेत्र आहे. मात्र तुलना गटासह, छायाचित्रांसह आणि केसांची प्रत्यक्ष मोजणी करूनच ते व्हावे.

निदान प्रथम

उपचाराआधी कारण शोधावे, हा धडा आपल्याच अमरावती विभागाने नुकताच घेतला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत आबालवृद्धांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. प्रारंभी पाण्यावर व बुरशीवर संशय होता. पुढे तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले गेले. अशा रुग्णाला पीआरपीही नको आणि तेलही नको. आधी कारण दूर करावे लागते.

आपल्या जिल्ह्यात नित्य दिसणारी कारणे याहून साधी आहेत. डेंग्यू, विषमज्वर अशा ज्वरानंतर किंवा प्रसूतीनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारे केशपतन बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. शेतमजूर स्त्रियांतील पांडू, थायरॉइडचे विकार, अपुरे प्रथिन यांचे केशपतन मूळ कारणावर उपचार केल्याने सुधारते. चरकांनी केस हे अस्थिधातूचे मल मानले आहेत. केसांची चिकित्सा पोषणापासून सुरू होते, हा त्याचा व्यवहारातील अर्थ आम्ही घेतो. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड यांची तपासणी केल्याविना कोणासही महागड्या उपचारास धाडू नये. चाई व आनुवंशिक टक्कल यांतील भेद ओळखावा. टाळूवर वेदना, लाली, खपल्या वा व्रण असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

पीआरपी कोणी करावी?

शिरेतून रक्त घेणे, निर्जंतुकता राखणे, बधिरीकरण करणे आणि रुग्ण मूर्च्छित झाल्यास सावरणे, हे सर्व या प्रक्रियेत येते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात एका सौंदर्यगृहात चेहऱ्यावर दिलेल्या अशाच उपचारातून स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाली. ते केंद्र २०१८ साली बंद करण्यात आले व २०२४ साली त्याचा शासकीय अहवाल प्रसिद्ध झाला. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून यंत्र मांडणे हा धोका आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचे रीतसर प्रशिक्षण व कायदेशीर अधिकार आहेत, त्यानेच हे करावे. बिंबिका कमी असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, तीव्र पांडू, यकृतविकार वा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांना तेथे पाठवूच नये. सिकलसेलचा इतिहास आपल्या भागात आवर्जून विचारावा.

औषधविक्रेत्या बंधूंस

पीआरपी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून त्याच वेळी तयार होते. ती बाटलीत विकता येत नाही. 'ग्रोथ फॅक्टर' असे नाव छापलेले सीरम म्हणजे पीआरपी नव्हे, हे ग्राहकास सांगावे. औषधे व प्रसाधन नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल समाविष्ट आहे, म्हणून टक्कल बरे करण्याची हमी देणारे फलक व पत्रके दुकानात ठेवू नयेत. गुंजाबीज अनुसूची 'ई-१'मधील विषद्रव्य आहे. लेपाच्या नावाखाली ते सुटे देऊ नये. माक्याचे तेल आपण स्वतः सिद्ध करीत असाल, तर ताजा माका, योग्य तैलपाक आणि तिथीसह नोंद यांकडे लक्ष द्यावे. ते तेल काय करते आणि काय करीत नाही, हे विनयाने सांगावे.

प्रत्येक सभासदाने केशपतनाच्या रुग्णांची एक साधी वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. वय, कालावधी, ज्वराचा वा प्रसूतीचा इतिहास, आहार, तपासण्या, दिलेला उपचार, आरंभीचे व तीन महिन्यांनंतरचे एकाच कोनातून घेतलेले छायाचित्र, एवढी नोंद पुरे. वर्षअखेर या वह्या एकत्र केल्या, तर नस्य, रसायन, जलौका वा तैल यांपैकी कशाने कोणास गुण आला, हे आपल्याच जिल्ह्याच्या अनुभवावरून सांगता येईल. पीआरपीकडे आपण जो पुरावा मागतो, तोच आपल्या औषधांकडूनही मागण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. रुग्णाचा पैसा वाचला, आशा खोटी ठरली नाही आणि निदान चुकले नाही, तर आपल्या शास्त्रावरील त्याचा विश्वास आपोआप दृढ होईल.