विसरलेली चरबी

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डीटर जेवत होत्या. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. समोर बसलेल्या डॉ. अलोइस अल्झायमर यांनी विचारलं, काय खाताय? उत्तर आलं, ‘पालक.’

१९०६मध्ये ऑगस्टे गेल्या. तोवर म्युनिकला आलेल्या अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू मागवून घेतला, कापांना चांदीचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. या दोन गोष्टी पुढे जगभर गाजल्या. पण १९०७च्या त्यांच्या टिपणात तिसरीही एक नोंद होती : चेतापेशींची देखभाल करणाऱ्या ग्लिया पेशींत चरबी साठली होती. या नोंदीकडे पुढची कित्येक दशकं फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९८४मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी या पुंजक्यांत आढळणारं बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळं काढलं आणि सगळा झोत प्रथिनांवर गेला.

चरबी परत आली ती १९९३मध्ये, आडवाटेनं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाला उतारवयातल्या अल्झायमरच्या आजाराशी जोडलेलं जनुक सापडलं. त्याचं नाव एपीओई, आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं काम कोलेस्टेरॉल वाहून नेण्याचं! त्याचा ‘४’ हा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर कित्येक पटींनी.

इथे मेंदूचा संसार समजून घ्यायला हवा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के; पण शरीरातलं सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल त्याच्याकडे. ते तुपातून किंवा अंड्यातून येत नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारे कण मेंदूच्या वेशीवरच अडतात, म्हणून मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. ॲस्ट्रोसाइट पेशी ते तयार करतात, एपीओई ते चेतापेशींपर्यंत पोचवतं. बरंचसं कोलेस्टेरॉल मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणात जातं. उरलेल्याचं रूप बदलून ते बाहेर कसं काढलं जातं, हे स्वीडनच्या इंगेमार ब्योर्कहेम यांच्या गटानं १९९०च्या दशकात उलगडलं.

१९९८मध्ये जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या चेतापेशींतलं कोलेस्टेरॉल घटवलं, तर अमायलॉइडची निर्मितीही मंदावली. २०००मध्ये जुन्या रुग्णनोंदींवरून दोन अभ्यास आले : कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसत होता. आशा उंचावल्या. मग रीतसर चाचण्या झाल्या. ॲटोरवास्टॅटिन ६४० रुग्णांना दोन गटांत विभागून ७२ आठवडे तपासलं, सिमवास्टॅटिन ४०६ रुग्णांवर. रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. स्मृतीची घसरण थांबली नाही.

मग प्रश्न किती कोलेस्टेरॉल, यापेक्षा ते पेशीत नेमकं कुठे आहे, असा झाला. याचा सर्वांत दुःखद दाखला लहान मुलांत होता. नीमन-पिक ‘सी’ या दुर्मीळ आनुवंशिक आजारात कोलेस्टेरॉल पेशीत पोचतं, पण लायसोसोम या कोठारातच अडकून पडतं. अल्झायमरमध्ये दिसतात तसेच गुंते या कोवळ्या मेंदूंतही आढळतात.

२०२२मध्ये एमआयटीच्या ली-ह्वेई त्साई यांच्या गटानं ‘एपीओई ४’ असलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तपासल्या. मायलिन घडवणं हे या पेशींचं काम. पण वेष्टणात जायचं कोलेस्टेरॉल त्यांच्या पोटातच साचलं होतं, आणि वेष्टण विरळ राहिलं होतं. सायक्लोडेक्स्ट्रिन हे रसायन देऊन ते मोकळं केलं, तेव्हा ‘एपीओई ४’ असलेल्या उंदरांचं मायलिन सुधारलं आणि त्यांची शिकण्याची क्षमताही.

दरम्यान रक्तातल्या कोलेस्टेरॉललाही सुट्टी मिळाली नाही. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल घातलं. गोळी आजार जडल्यावर देणं आणि त्याआधी वीस वर्षं रक्तवाहिन्या सांभाळणं, यांत अंतर आहे.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोन्ही बाजूंनी ‘एपीओई ४’ मिळालेल्या रुग्णांचे मेंदू पाहिले. अमायलॉइडच्या पुंजक्यांभोवती मायक्रोग्लिया पेशी जमल्या होत्या. आणि त्यांच्या आत होते चरबीचे थेंब.