घर वाढवताना आधी नकाशा, मग कुदळ

मागच्या वेळी आपण गटातून घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज बोलू या त्याच कर्जातून होणाऱ्या एका मोठ्या कामाबद्दल, म्हणजे घर वाढवण्याबद्दल.

आमच्या प्रभागातल्या गटांच्या कर्जवह्या उघडल्या, की बियाणं, शाळा, दवाखाना यांच्यानंतर घराचंच कारण दिसतं. लेकाचं लग्न ठरलं, एक खोली वाढवायची. न्हाणी बांधायची. ओसरी बंद करून घ्यायची. पत्रे काढून स्लॅब टाकायचा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली, हातात चार पैसे आले, की चैत्र-वैशाखात ही कामं निघतात. गवंडी येतो, सुतळी धरून आखणी करतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर कुदळ पडते. आम्हाला एवढंच सांगायचं आहे, की त्या दोन दिवसांच्या मध्ये एक काम करा. जाणत्या माणसाला घर दाखवा, नकाशा काढून घ्या, आणि नकाशा काढताना घरातली बाई तिथे बसलेली असू द्या.

जुनं घर काय पेलतं?

आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर आणखी पांढरी माती टाकायची, म्हणून थर वाढतच जातो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचं वजन आठ टनांच्या घरात जातं. आपल्या बायकांना हे ऊसाच्या हिशेबात लगेच कळेल. भरलेल्या चार बैलगाड्या आपल्या डोक्यावर उभ्या करून आपण झोपतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सात हजारांहून अधिक माणसं गेली. भूकंपाच्या नकाशात तोवर हा भाग सगळ्यांत कमी धोक्याचा धरलेला होता. माणसं दगावली ती मुख्यतः भिंती आणि छतांखाली सापडून. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या दगडांना जोडणारं काही नव्हतं. हादऱ्यानं भिंत उभी फाटली आणि वरची माती खाली आली.

त्यानंतर सरकारनं गावोगाव घरदुरुस्तीचा कार्यक्रम घेतला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घराला मजबुती कशी आणायची हे त्या अभियंत्यांकडून शिकल्या आणि घरोघरी समजावून सांगू लागल्या. बांधकाम हा पुरुषांचा विषय, असं मानणाऱ्या गावांतच हे घडलं.

तेव्हाचे उपाय आजही आपल्या कामाचे आहेत. माळवदावरची माती आठ इंचांवर आणायची आणि मातीच्या थरात प्लास्टिकचा कागद घालायचा, म्हणजे वजनही घटतं आणि गळतीही थांबते. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे लाकडाचा तिरपा टेकू द्यायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार गज घालायचा आणि ते काँक्रीटनं भरायचं, म्हणजे आतले-बाहेरचे दगड एकमेकांना धरून राहतात. माळवद सरसकट पाडाच, असं आम्ही म्हणत नाही. वैशाखातल्या उन्हात त्याच्यासारखा गारवा दुसऱ्या कशाला नाही. पण भोक कुठे पाडायचं आणि आधी टेकू कुठे लावायचा, हे बघणाऱ्यानं बघूनच ठरवायचं.

घर वाढवताना चार गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, दगड-मातीच्या जुन्या भिंतीवरच नव्या स्लॅबचं एक टोक टेकवतात. दुसरी, नवी भिंत जुनीत गुंफतात. जुनी भिंत कधीच बसलेली असते, नवी पुढे बसते आणि जोडावर तडा जातो. म्हणून नवी खोली आपल्या पायावर वेगळी उभी करायची आणि मधली फट पाणी शिरणार नाही अशी झाकायची. तिसरी, काळ्या मातीत उथळ पाया घेतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला हलवते. पाया खाली मुरमापर्यंत गेला पाहिजे. चौथी गोष्ट बाहेरच्या रूपाची. घर चांगलं दिसावं म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करतात. त्यानं ओल आत कोंडते आणि काही वर्षांत पोपडे सुटतात. तिथे माती किंवा चुन्याचा गिलावा बरा. भिंतीच्या बुडाशी पाणी साचू नये म्हणून पन्हळीचं पाणी लांब काढून द्या.

कोणाला विचारायचं?

गवंड्याचा हात मोलाचा आहे, त्याचा मान ठेवाच. पण भिंत वरचा भार पेलेल का, हा हिशेब सिव्हिल इंजिनीअरचा. खोल्या, दारं, उजेड, वारा यांची मांडणी आर्किटेक्टची. 1972 च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं, म्हणून नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. घरकुल मंजूर असेल तर पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला विचारा.

‘एवढ्याशा खोलीला कशाला इंजिनीअर?’ असं घरातून म्हणतीलच. त्यावर गटानं एक वाट काढावी. गावात तीन-चार घरांची कामं निघणार असतील, तर एकाच दिवशी माणूस बोलवायचा आणि येण्याजाण्याचा खर्च वाटून घ्यायचा. फी किती, किती वेळा येणार आणि नकाशा कागदावर देणार का, हे आधीच लिहून घ्या.

नकाशात आपलं काय?

नकाशा काढणारा बहुतेक वेळा घरच्या मालकांशी बोलतो. ते दर्शनी बाजू, गेट, जिना सांगतात. आपण चहा घेऊन येतो आणि परत जातो. चहा ठेवा आणि तिथेच बसा. घरात जास्त वेळ कोण असतं? पाणी कोण भरतं? पहाटे अंघोळीला आडोसा कोणाला लागतो?

म्हणून आपण सांगायचं असं. न्हाणीला दार, कडी आणि उंचावर झरोका हवा. स्वयंपाकघरात धूर निघायला चुलीच्या वर वाट हवी आणि समोरासमोर खिडक्या हव्यात. पाण्याची टाकी चुलीपासून फार लांब नको. पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा हवा. स्लॅबला वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर खाली ताप कमी होतो. म्हाताऱ्या सासूबाईंसाठी जोत्याच्या पायऱ्या बुटक्या हव्यात आणि बाजूला धरायला दांडा हवा. घरकुलाचं घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट असतं. पुढे त्यावर मजला चढवायचा असेल तर ते पाया खोदण्याआधीच सांगा. नंतर पाया बदलता येत नाही.

नकाशावर घराचा अंदाज येत नसेल, तर अंगणात रांगोळीनं खऱ्या मापात खोली आखा. त्यात खाट टाका, कणगी ठेवा आणि दार उघडून बघा. रांगोळी पुसायला पैसे लागत नाहीत.

पाणी, पैसा आणि कागद

उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायला टँकर, तिथे स्लॅबला पाणी कुठून आणायचं? पण पाणी न मारलेला स्लॅब कच्चाच राहतो. त्याच्यावर आळं करून किमान चौदा दिवस पाणी साठवावं लागतं. भिंतींना ओली गोणपाटं लावली तर पाणी कमी लागतं. पाण्याची सोय झाल्याशिवाय स्लॅबची तारीख धरू नका.

पैसे टप्प्यानं द्या. पाया, जोतं, भिंती, स्लॅब, अशा प्रत्येक टप्प्याचं काम बघून रक्कम द्यायची आणि वहीत सही घ्यायची. सगळी उचल आधीच दिली तर काम अर्धवट राहिल्यावर आपल्या हातात काही उरत नाही.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन मालकीचा कागद, नकाशा आणि परवानगी यांची चौकशी करा. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननं होते. तुमच्या गावात ती झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या, म्हणजे नवी भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार नाही. तिथेच नमुना आठचा उताराही बघा. 2003 च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. कर्जाचा हप्ता आपण फेडायचा आणि उताऱ्यावर आपलं नावच नाही, असं कशासाठी?

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी दोन गोष्टी सोबत आणा. एक म्हणजे नमुना आठचा उतारा. दुसरी, आपल्या हातानं काढलेला घराचा कच्चा आराखडा, वेडावाकडा असला तरी चालेल. किती घरं होतात ते मोजू, आणि मग सगळ्या मिळून इंजिनीअरला बोलावू.