बोअर कोरडा गेला? बुजवण्याआधी हे वाचा

दोनशे फूट बोअर मारला आणि नुसती धूळच उडाली, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. मग कर्ज काढायचे, दुसऱ्या जागी नारळ फोडायचा आणि पुन्हा तेच! पण पहिला बोअर बुजवण्याआधी थोडे थांबा.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. या पाषाणात पाणी असते ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. मांजऱ्या खडकाला भोके पुष्कळ. पण ती एकमेकांना जोडलेली नसली, तर पाण्याला वाट मिळत नाही. कित्येकदा बोअर पाण्याच्या भेगेपासून चार हातांवरून जातो, किंवा भेग मातीने बुजलेली असते.

अशा वेळी जलभंजन करतात. केसिंगच्या खाली, कठीण खडकात रबरी पॅकर उतरवून फुगवतात. बाटलीला बूच बसावे तसा तो बसतो. मग पंपाने खाली पाणी दाबतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात दर चौरस सेंटीमीटरला किलो-दीड किलो दाब असतो; येथे तो १०० किलोपर्यंतही न्यावा लागतो. काटा चढत जातो आणि एकदम खाली येतो. समजावे, भेग उघडली!

भेग कोणीकडे जाईल, हे मात्र आपल्या हाती नसते. जमिनीत खडक सर्व बाजूंनी आवळलेला असतो. जिकडची आवळ सर्वांत कमी, तिकडे तो सरकतो आणि भेग त्या दिशेला काटकोनात पसरते. जुनी भेग असेल, तर बहुधा तीच आधी उघडते व तिच्यातला गाळ धुऊन निघतो. भेग दुप्पट रुंद झाली, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून आठपट पाणी वाहू शकते. खडक फार सैल असला, तर मात्र पाणी झिरपून जाते आणि दाब चढतच नाही.

एक गोष्ट गाठीला बांधा. जलभंजन पाणी निर्माण करीत नाही, फक्त वाट मोकळी करते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून पैसा घालण्याआधी भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्या. १९७२ साली स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेथे चौकशी करा. आणि वाट मोकळी झाली, की पावसाचे पाणी शिवारात अडवा. उपसा वाढला आणि भरणा नाही, तर तीच भेग पुन्हा कोरडी पडेल.